पाचच आहेत म्हणे!

मंडळी, मोटारगाड्यांवर मी कधी काही लिहीन असं मला स्वतःलाच वाटलं नव्हतं. जन्मात एकच वाहन घेतलं, ती स्कूटर. चारचाकी शिकायला गेलो वयाच्या बावन्नाव्या वर्षी, आणि तिसऱ्याच दिवशी शाळेच्या फाटकाचा खांब वाकवून तो अध्याय संपवला. तरी आजचा लेख मोटारींवर आहे, त्यातही जुन्या स्पोर्ट्स कारवर. कारण प्रसंग घरातच आला आहे.

झालं असं की वाईचं आमचं वडिलोपार्जित घर गेल्या वर्षी विकलं. (त्याबद्दल कधीतरी लिहीन. अजून हात धजत नाही.) वाटण्या झाल्या. धाकट्या बहिणीच्या वाट्याला तीस लाख आले. ती पुण्याला असते. मेहुणे जाऊन सहा वर्षं झाली, पेन्शन नाही. तिचा मुलगा, माझा भाचा, कंप्युटरमधला, चांगलं मिळवतो, स्वभावाने लाघवी. त्याने एक परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार हेरून ठेवली आहे. २०१० सालची, दोनच माणसं बसतील अशी, रंग लाल. नवी होती तेव्हा म्हणे ऐंशी लाखांच्या घरात होती, आता विकणारा तीस मागतोय. आईचे पैसे त्यात घालायचे आणि पाच वर्षांनी दुप्पट करून परत द्यायचे, असा बेत आहे.

दुप्पट का होतील? तर ते मॉडेल अख्ख्या महाराष्ट्रात पाचच आहेत.

बहिणीचा रात्री साडेनऊला फोन. "दादा, तो म्हणतो ते खरं असेल का रे? पाचच आहेत म्हणे." तिच्या आवाजात मला भीती ऐकू आली, आणि मुलाला नाही म्हणायचा संकोचही. दुसऱ्या दिवशी मी भाच्याशी बोललो. तो म्हणाला, "मामा, ही गाडी नाही, ॲसेट आहे." मी शंका काढायला लागलो तर हसून म्हणाला, "मामा, तुमचं अर्थशास्त्र पुस्तकातलं. कलेक्टर कारचं मार्केट वेगळं असतं."

बरोबर आहे त्याचं. मी अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झालो तो मराठी माध्यमातून, आणि शिकवला जन्मभर इतिहास-भूगोल. गणिताचे सर रजेवर गेले की गणितही. मोटारींच्या बाजारातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून दीड महिना बसून वाचलं. इंग्रजी अडलं तिथे नातीला विचारलं. आता लिहितो आहे, आणि बहिणीला विचारून लिहितो आहे. भाचेबुवाही हे वाचणार आहेत. वाचावं, आणि कुठे चुकलो ते दाखवावं.

माझं म्हणणं एवढंच आहे की 'दुर्मिळ आहे म्हणून मौल्यवान आहे' हे वाक्य खोटं आहे. अर्धवट खरं वगैरे म्हणून सोडून देण्यासारखं नाही, साफ खोटं आहे. आणि ते गाडी विकायला बसलेल्या माणसाच्या तोंडून आलं तर जास्तच खोटं.

सुरुवात त्यांच्याच देवापासून करतो. या मंडळींत फेरारी २५० जीटीओ या गाडीचं नाव पंढरपूरच्या विठोबासारखं घेतात. १९६२ ते ६४ या काळात तिच्या फक्त ३६ गाड्या बनल्या. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथे त्यातली एक लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. भाचा मला हाच आकडा ऐकवतो. बघा मामा, छत्तीसच आहेत!

आता त्याच छत्तिसांतल्या दुसऱ्या एका गाडीची गोष्ट ऐका. मास्तर असल्यामुळे मला ती फार आवडली. टेक्सासमध्ये व्हिक्टोरिया नावाचं गाव आहे. तिथल्या हायस्कूलला मालकाने १९६४ च्या सुमाराला एक २५० जीटीओ चक्क देणगी म्हणून दिली. मुलांना मोटारदुरुस्ती शिकायला! १९७२ साली शाळेने ती साडेसहा हजार डॉलरला विकून टाकली. नवी असताना तिची किंमत अठरा हजारांच्या आसपास होती. ज्याने विकत घेतली त्याने ती ओहायोत शेतात ट्रेलरवर वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवली. ऊन-पाऊस खात.

आता सातवीतल्या मुलाला विचारतात तसा प्रश्न. १९७२ साली या गाड्या किती बनलेल्या होत्या? छत्तीस. २०१८ साली? छत्तीस. मग साडेसहा हजारांचे पावणेपाच कोटींच्या वर झाले ते कशामुळे? जी गोष्ट बदललीच नाही ती बदलाचं कारण कशी असेल? प्रयोगवहीत कुणी असा निष्कर्ष लिहिला असता तर मी लाल शाईने काट मारली असती. १९७२ मध्ये ती जुनी झालेली, शर्यतीतून बाद झालेली, खर्चिक गाडी होती. तिच्याकडे बघून ज्या पोरांचे डोळे विस्फारले ती पोरं तेव्हा दहा-बारा वर्षांची होती आणि त्यांच्या खिशात चार आणेही नव्हते. पुढे त्यातली काही श्रीमंत झाली. गाड्या तितक्याच राहिल्या, हवीशी वाटणारी माणसं वाढली.

जाता जाता आणखी एक. त्या लिलावात हातोडा पडला तो ४ कोटी ४० लाखांवर. वरचे ४४ लाख डॉलर लिलाव करणाऱ्यांचे. त्या वेळच्या भावाने तीस कोटी रुपये होतात. पेपरात मोठ्ठा आकडा छापून येतो, विकणाऱ्याच्या हातात तो जसाच्या तसा पडत नाही.

भाचा म्हणेल, मामा, तुम्ही माझीच बाजू मांडलीत, ज्याने १९७२ ला घेतली तो तरलाच की! तर मग आता न तरलेल्यांची गोष्ट. ती जरा लांबवून सांगतो, कारण आमच्या घरचा प्रसंग तिच्यात जसाच्या तसा आहे.

१९८८ च्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमच्या मोटार प्रदर्शनात जग्वार कंपनीने एक्सजे २२० नावाची गाडी मांडली. चंदेरी, लांबलचक, जमिनीला पोट घासणारी. बारा सिलिंडरचं इंजिन, चारही चाकांना शक्ती. तो काळ कसा होता ते लक्षात घ्या. त्याच ऑगस्टमध्ये एन्झो फेरारी वारले होते आणि जुन्या-नव्या फेरारींचे भाव भडकले होते. गाडी चालवायला नव्हे, नुसता नंबर धरून पुढे विकायला लोक रांगेत उभे राहत होते. पुढच्या वर्षी जग्वारने जाहीर केलं की गाड्या साडेतीनशेच्या वर काढणार नाही आणि नोंदणीला ५०,००० पौंड अनामत. हजाराच्या वर लोक धावले! साडेतीनशे गाड्या आणि हजारावर गिऱ्हाइकं. म्हणजे आपल्या भाच्याच्या भाषेत खात्रीचं सोनंच.

पुढे गाडी प्रत्यक्षात आली १९९२ मध्ये. तोवर बारा सिलिंडरचे सहा झाले होते, चार चाकांची शक्ती दोनावर आली होती, आणि ठरलेल्या कराराप्रमाणे किंमत महागाईबरोबर चढत चढत ४,७०,००० पौंडांवर गेली होती. गाडी वाईट होती का? मुळीच नाही. इटलीत नार्दोच्या वर्तुळाकार मार्गावर ती ताशी ३४० किलोमीटरच्या वर पळाली, त्या काळच्या विकाऊ गाड्यांत सगळ्यात जोरात. पण दरम्यान इंग्लंडात मंदी आली होती. पुढे विकायच्या हिशेबाने ज्यांनी अनामत भरली होती त्यांना पुढचं गिऱ्हाईक दिसेना. इंजिन बदललं हे निमित्त करून लोक अंग काढून घ्यायला लागले. कोर्टकचेऱ्या झाल्या. निकाल कंपनीच्या बाजूने लागला, सही केलीत ना, मग गाडी घ्या नाहीतर पैसे भरून सुटका करून घ्या.

शेवटी साडेतीनशेही बनल्या नाहीत. दोनशे ऐंशीच्या आसपास बनल्या आणि तिथेच थांबलं. म्हणजे ठरवल्यापेक्षाही दुर्मिळ झाली! तरी काही गाड्या १९९७ पर्यंत विकल्याविना पडून होत्या आणि त्या मूळ किमतीच्या निम्म्याहूनही कमी पैशांत काढाव्या लागल्या. अलीकडे तिचा भाव वधारला आहे, हे खरं. तीस वर्षांनी आकडा पुन्हा जिथून निघाला त्याच्या जवळपास आला. पण तीस वर्षांत पौंडाची किंमत साधारण निम्म्यावर आली, ते कोण धरणार? वर तीस वर्षांचा विमा, टायर, गॅरेज. ज्याने १९९२ ला पूर्ण पैसे मोजले तो आज म्हातारा झाला असेल आणि अजूनही तोट्यात असेल.

आता तिच्याच बरोबरीची फेरारी एफ ४० घ्या. १९८७ ची. कंपनी म्हणाली होती चारशे काढू. काढल्या तेराशेच्या वर. म्हणजे जग्वारच्या साडेचारपट. दुर्मिळपणाचा नियम खरा असता तर जग्वार महाग आणि फेरारी स्वस्त असायला हवी. आहे उलट! एफ ४० लिलावात वीस लाख डॉलर सहज ओलांडते, जग्वार तिच्या पाव-तिसऱ्या हिश्शात अडकते. एफ ४० चाही प्रवास सरळ नव्हता, बरं का. निगेल मॅन्सेलने आपली एफ ४० १९९० साली दहा लाख पौंडांना विकल्याचं प्रसिद्ध आहे, त्यानंतर तो सगळा बाजार कोसळला. शिखरावर ज्यांनी घेतल्या त्यांना तोच आकडा पुन्हा बघायला वीस वर्षांच्या वर थांबावं लागलं.

भूमितीत आम्ही 'आवश्यक अट' आणि 'पुरेशी अट' शिकवायचो. मुलं नेहमी गोंधळ करायची. मॅक्लारेन एफ १ च्या १०६ गाड्या बनल्या आणि २०२१ मध्ये एक दोन कोटी डॉलरच्या वर गेली, तिथे कमी संख्येचा हातभार आहे हे मी नाकारत नाही. पण आधी ती हजारो लोकांना वेड्यासारखी हवी आहे. ते नसेल तर कमी संख्या म्हणजे नुसतीच कमी संख्या. (आमच्या शाळेत संस्कृत घेणारी मुलं एका वर्षी तीनच होती. त्यामुळे त्यांचे मार्क वाढले नाहीत.)

तुम्ही म्हणाल मास्तर फार परदेशात फिरायला लागले. तर चला सातारला.

१९७६ साली मी बजाज चेतकसाठी नाव नोंदवलं. नंतर लग्न झालं, मुलगी झाली, ती पहिलीत गेली, आणि मग १९८४ ला माझा नंबर लागला. माझ्या पिढीच्या वाचकांना हे सांगायला नको. तरुणांना खरं वाटणार नाही. स्कूटर घेऊन बाहेर पडलो, पेट्रोल भरायला थांबलो, तर पंपावर ओळखीचे एक कापडाचे व्यापारी म्हणाले, "मास्तर, दोन हजार 'ऑन' देतो, इथेच द्या." म्हणजे कोऱ्या किमतीवर दोन हजार! वापरलेली चेतकसुद्धा तेव्हा नव्यापेक्षा महाग जायची. मी दिली नाही. घरी येऊन हिला सांगितलं, आपल्याकडे सोनं आहे, वाढतच जाणार.

त्याच सुमाराला कायनेटिक होंडा आली, १९८५ ला हिरो होंडा आली, परवान्यांची गाठ हळूहळू सुटली, रांग संपली. १९९९ मध्ये मी ती स्कूटर साडेचार हजारांना विकली, तीही घेणाऱ्याला हेल्मेट फुकट देऊन. स्कूटर तीच होती. रोज सकाळी फडक्याने पुसलेली. कमी पडत होते ते परवाने, स्कूटर नव्हे, आणि मी रांगेची किंमत स्कूटरची किंमत समजून बसलो होतो. माझं पुस्तकातलं अर्थशास्त्र असं मला पंपावर शिकायला मिळालं, भाचेबुवा.

आणि आता बड्या कंपन्या तीच रांग मुद्दाम लावतात. मागणीपेक्षा एक गाडी कमी काढायची, हे फेरारीचं धोरणच असल्याचं सांगतात. 'मर्यादित आवृत्ती' काढायची, आत पत्र्याची पट्टी लावायची, इतक्यांपैकी अमुक क्रमांक. ती आवृत्ती मिळावी म्हणून आधी साध्या आवृत्तीच्या गाड्या घेऊन कंपनीच्या मर्जीत राहावं लागतं. म्हणजे शेवटच्या गाडीत जो नफा दिसतो तो आधीच्या गाड्यांच्या घसाऱ्यात भरून झालेला असतो. तो हिशेब कुणी सांगत नाही. आमच्या वेळी निदान रांग लावण्यात कुणाची हुशारी नव्हती.

खरोखर दुर्मिळ स्पोर्ट्स कार बघायची तर आपल्या शेजारी गोव्यात चला. सॅन स्टॉर्म नावाची एक छोटी, दोन माणसांची, टपाशिवायची गाडी नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायला लागली. फायबरची काया, आत रेनॉचं अकराशे-बाराशे सीसीचं इंजिन, साठेक अश्वशक्ती. २००१ च्या सहलीत मी ती पणजीत मांडवीच्या काठाला उभी पाहिली. नववीची चाळीस मुलं बस सोडून तिच्याभोवती! मी त्यांना ओरडलो आणि नंतर स्वतःच वाकून आत बघितलं. भारतात रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्यांत तिच्याइतकी विरळा गाडी शोधून सापडायची नाही. तिच्यावरून कुणी कोटींची उड्डाणं करताना ऐकलंत? ती लाडकी आहे, काही हौशी माणसं जिवापाड जपतात, आणि तेवढंच. मला तर ती सगळ्या फेरारींपेक्षा आवडते. पण आवडणं वेगळं आणि बहिणीचे पैसे वेगळे.

आता त्या लाल गाडीकडे येतो.

पहिली गोष्ट, 'ऐंशीची गाडी तीसला' यातले ऐंशी कसले? परदेशातून तयार आणलेल्या गाडीवर आपल्याकडे जबर आयातशुल्क असतं. सचिनला २००२ मध्ये फेरारी भेट मिळाली तेव्हा तिच्यावरचं शुल्क १ कोटी १३ लाख होत होतं, केवढा गदारोळ झाला होता ते आठवत असेल. सरकारने माफ केलं, प्रकरण कोर्टात गेलं, शेवटी फियाटने ते भरलं. (ती गाडी त्याने २०११ मध्ये विकली, सुरतला गेली. तिला गिऱ्हाईक मिळालं ते सचिनची म्हणून.) तर त्या ऐंशी लाखांत मोठा वाटा कराचा होता. कर पत्र्यात मुरत नाही. तो पहिल्या मालकाने भरला आणि संपला, दुसऱ्या मालकाकडून तो परत मिळत नाही. तेव्हा पन्नास लाखांची सूट मिळाली असं समजू नये.

दुसरी गोष्ट, पाचच आहेत म्हणतोस, तर त्यातल्या किती गेल्या तीन वर्षांत विकल्या गेल्या आणि केवढ्याला? मी हे विचारलं तेव्हा भाचा गप्प बसला. विकणाऱ्यालाही सांगता आलं नाही. मग तीस लाख हा भाव आहे की नुसती मागणी आहे? मंडईत कांद्याचा भाव कळतो, कारण रोज हजार पोती उलटतात. ज्या वस्तूचा व्यवहारच होत नाही तिला भाव नसतो, मालकाची इच्छा असते. आणि पाचच गाड्या असल्या तर घेणारेही महाराष्ट्रात पाच-सातच असायचे. तुला विकायची वेळ येईल त्या महिन्यात त्यातल्या एकाला तरी हवी पाहिजे.

तिसरी, दुर्मिळ गाडीचे सुटे भागही दुर्मिळ असतात. हे इतकं उघड आहे की लिहायलाही लाज वाटते. फेरारीच्या ३५५ मॉडेलमध्ये इंजिनाचा पट्टा बदलायचा तर अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं, आणि पट्टा काही वर्षांनी बदलावाच लागतो, गाडी चालवा नाहीतर झाकून ठेवा. झाकून ठेवलेली गाडी 'कमी चाललेली' म्हणून जास्त भावाने विकायला काढतात. रबर वाळतं, टायर उभ्या उभ्या म्हातारे होतात, टाकीतलं पेट्रोल आंबतं, आणि पावसाळ्यात पुण्याचे उंदीर वायरी कुरतडतात ते निराळंच. ही लाल गाडी पंधरा वर्षांत अकरा हजार किलोमीटर चालली आहे. विकणारा ते कौतुकाने सांगतो. मला तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाबद्दल 'चपला अजून नव्या आहेत' असं सांगितल्यासारखं वाटलं.

चौथी गोष्ट वयाची. आपल्याकडे पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते. २०२२ च्या एप्रिलपासून आयात केलेल्या मोटारीला त्याची फी ४०,००० रुपये झाली, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या आयात मोटारीला ८०,००० केली. ही गाडी २०३० ला विशीत जाणार, म्हणजे बरोबर तेव्हा, जेव्हा भाचा ती विकायला काढणार. कायद्याने गाडीचा भाव चढतो तसा पडतोही. अमेरिकेत पंचवीस वर्षांवरची परदेशी गाडी आणायला मोकळीक आहे, म्हणून १९९९ च्या निस्सान स्कायलाइन जीटी-आरकडे लोक २०२४ साल कधी उगवतं याची वाट बघत होते. आपल्याकडे तारखा उलट्या बाजूने मोजतात. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरून गेली दहा वर्षं काय धरसोड चालू आहे ते वाचा. असा नियम उद्या पुण्यात येईल की नाही हे मला सांगता येणार नाही, त्या विकणाऱ्यालाही नाही.

आता साधं अंकगणित. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत २०२३ च्या एप्रिलमध्ये ८.२ टक्के दर झाला. त्या दराने तीस लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये. बहिणीला महिन्याला वीस हजारांच्या वर, हक्काचे, कुणाकडे हात न पसरता. पाच वर्षांत १२ लाख ३० हजार. गाडीचा विमा, सर्व्हिस, टायर यांना वर्षाला दीड लाख लागेल असं भाच्याने स्वतःच सांगितलं. मला ते कमी वाटतं, पण धरू या. पाच वर्षांचे साडेसात. तेव्हा २०३० मध्ये ती वीस वर्षांची गाडी पन्नास लाखांना गेली तर बहिणीचं नुकसान झालं नाही एवढंच म्हणता येईल. फायदा त्याच्यापुढे. तीस लाखांच्या गाडीसाठी वीस वर्षं जुनी झाल्यावर पन्नास लाख मोजणारा माणूस महाराष्ट्रात आहे का? असेल तर त्याचा पत्ता आधी आणावा.

एक गोष्ट मात्र भाच्याबद्दल लिहिली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. तो लबाड नाही. त्याने गाडीचा फोटो दाखवला तेव्हा त्याचा चेहरा मी बघितला. पाचवीत असताना तो वाईला यायचा, माडीवर पालथा पडून वहीच्या मागच्या पानावर गाड्या काढायचा. सगळ्या लाल, सगळ्या बिनछताच्या. माझे वडील त्याला विचारायचे, "अरे, पावसात काय करशील?" तेव्हाही तो म्हणायचा, "आजोबा, पावसात काढायचीच नाही." त्याला ती गाडी हवी आहे, बस्स. पन्नाशीला आलेल्या माणसाला लहानपणचं काही हवंसं वाटलं तर त्यात गैर काय? गैर एवढंच की 'मला हवी आहे' असं आईला सांगायचा संकोच वाटतो म्हणून तो 'ॲसेट' म्हणतो. आणि आईलाही नाही म्हणायचा संकोच. दोघांच्या संकोचावर तो विकणारा तीस लाख घेऊन जाणार.

हवी आहे तर घे ना. स्वतःच्या पगारातून घे, कर्ज काढून घे. घसारा होईल तो हौसेचा खर्च समज. मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. उलट पहिली फेरी मला मार. गुडघे वाकतील की नाही शंका आहे, पण ओढून बाहेर काढायला दोन माणसं बरोबर ठेव. वाईच्या घाटावरून जाऊ. घर लांबूनच बघू.

बहिणीला मी पोस्टात घेऊन जातो आहे, येत्या मंगळवारी. फॉर्म आणून ठेवला आहे, तिचे दोन फोटो आणि पॅनकार्डाची झेरॉक्स लागेल. भाचेबुवा, रविवारी इकडे जेवायला या. मामीने तुमच्यासाठी भरली वांगी करायची ठरवली आहेत. येताना त्या लाल गाडीची गेल्या पाच वर्षांची सर्व्हिसची बिलं मागून आणा. असतील तर.